तूबा खानमचे पिस्टन

"उद्या भंगारवाल्याला बोलावतो," बेहनाम म्हणाला. "आई, ही गाडी पेट्रोल कमी आणि ऑइल जास्त पिते. मागे धूर असा, की शेजारी खिडक्या लावून घेतात."

"लावू देत. तेहतीस वर्षं तिनं मला शाळेत पोचवलंय. तू एकदा तरी पोचवलंस?"

बेहनामनं भंगाराचा अर्ज पुढं सरकवला. तूबा खानमनी तो उलटा करून त्यावर चहाचा पेला ठेवला. "नवरोजला अठरा दिवस आहेत. तोवर गाडी स्वतःच्या इंजिनावर दारात आली नाही, तर सही करते. आली, तर भंगार हा शब्द या घरात पुन्हा निघायचा नाही."

तूबा खानम इराणमधल्या करमान शहरात मुलींच्या शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मोजल्याशिवाय त्या कशावरही विश्वास ठेवत नसत. इंजिन उतरवून घेतलं तेव्हा सिलिंडरच्या भिंती झिजलेल्या निघाल्या. त्या कापून भोकं थोडी मोठी करायची, म्हणजे पिस्टनही तेवढेच मोठे हवेत. आणि पिस्टन आधी घ्यायचे, कापायचं नंतर. पाय पाहूनच बूट शिवतात.

सात दुकानं त्यांनी पालथी घातली. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजला, वर वजन करायला लावलं.

"खानम, पिस्टन आहेत हे, खरबुजं नाहीत," सातवा दुकानदार वैतागला.

"खरबूज निदान वासावरून तरी कळतं. तो चौथा दाखवा पुन्हा."

शेवटी मनासारखा संच मिळाला, अर्धा मिलिमीटर जादा मापाचा. तो आणि इंजिनाचा ब्लॉक हातगाडीवर घालून त्या उस्ता यदुल्लाच्या सिलिंडर कापायच्या कारखान्याकडे निघाल्या, आणि वाटेत त्यांनी शपथ घेतली: आज तआरोफ करायचा नाही. देणाऱ्यानं तीनदा आग्रह करायचा, घेणाऱ्यानं दोनदा नको म्हणायचं, हे करमानची मुलं चालण्याआधी शिकतात. पण दिवस मोजके होते आणि सणापूर्वी कारखान्यात झुंबड असणार होती.

दारातच सैफी आगा भेटले. रेल्वेतून निवृत्त झालेला, मेणासारखा मऊ माणूस. गाडी त्याच मॉडेलची, हातगाडीवर इंजिनाचा ब्लॉक तसाच, वर पिस्टनचा खोकाही तसाच. फक्त त्यांच्या सिलिंडरला खोल ओरखडे होते, म्हणून पिस्टन एक मिलिमीटर जादा मापाचे.

"आधी तुम्ही, खानम."

"नाही हो, तुम्ही आधी आलात!" शपथेला जेमतेम दहा मिनिटं झाली होती. साठ वर्षांची सवय, तोंड आपलं आपण बोललं.

"तुमच्यापुढं मी पाऊल टाकू? जमिनीत गडप होईन!"

"मग मी काय वर तरंगेन? चला, चला!"

सैफी आगांनी तूबा खानमची हातगाडी पुढं ढकलली. तूबा खानमनी ती मागं घेऊन त्यांची पुढं केली. तीनदा असं झालं. मग चहा आला. पेल्यांना जागा हवी म्हणून खोके बाकावर उतरले. चहा संपताच सैफी आगा उठले, "तुम्ही वाकू नका," म्हणत त्यांनी तूबा खानमचा खोका उचलला. "मग तुम्ही तरी का?" म्हणत तूबा खानमनी त्यांचा उचलला. दोघांनी खोके आदरानं ठेवून दिले. कुठल्या ब्लॉकवर, ते पाहिलं नाही. आदर करताना खाली कोण बघतं?

"पुरे!" उस्ता यदुल्ला ओरडला. "दोन्ही आत आणा. ज्याच्यावर जो खोका, त्या मापानं कापतो."

चार दिवसांनी तूबा खानमनी आपला पिस्टन आपल्या सिलिंडरमध्ये सोडला. तो विहिरीत दगड जावा तसा थेट खाली गेला.

"उस्ता! ही बोगदा पाडायची पद्धत कधीपासून?"

उस्तानं नंबर पडताळले आणि डोक्यावरची टोपी काढून बाकावर आपटली. तूबा खानमचा ब्लॉक सैफी आगांच्या पिस्टनच्या मापानं कापला गेला होता. सैफी आगांचा अर्धाच मिलिमीटर कापला गेल्यानं त्यांचे ओरखडे होते तिथंच होते.

"एक मिलिमीटरचा दुसरा संच आणा."

"करमानमध्ये नाही, खानम. माल नवरोजनंतर येणार. आत्ता गावात एकच संच आहे." उस्तानं कोपऱ्याकडं पाहिलं. सैफी आगा आपला खोका छातीशी धरून उभे होते.

त्यांनी खोका पुढं केला. "घ्या, खानम. तुमच्यापुढं याचं काय मोल!"

हे खरं बोलणं की नुसता तआरोफ, हे सैफी आगांनाही सांगता आलं नसतं. तूबा खानमच्या ओठांवर "नको हो" येऊन थांबलं. पण डोळ्यांपुढं भंगाराचा अर्ज आला.

"घेते," त्या म्हणाल्या. "माझे तुम्ही ठेवा."

पहिल्याच वेळी! उस्ताच्या हातून पाना पडला. सैफी आगांचे हात रिकामे झाले तरी तसेच पुढं राहिले; चेहरा मात्र उजळला.

उस्तानं प्रायश्चित्त म्हणून इंजिन स्वतः बांधलं. नवरोजच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, गाडी गल्लीत शिरली. धूर नाही, खडखड नाही. बेहनामनं अर्ज खिशात घातला. "जिंकलीस, आई."

"अजून मोठ्यानं. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्यात."

इतक्यात एक बाई डोक्यावरची चादर आवळत आल्या. मागं खाली मान घातलेले सैफी आगा.

"आमचे पिस्टन घेणाऱ्या तुम्हीच?"

"मीच. त्यांनी 'घ्या' म्हटलं, मी घेतले."

"सणाला मला मशहदला भावाकडं जायचंय. वर्षभर हे म्हणतात, गाडी दुरुस्त झाली की जाऊ. दर खेपेला कारखान्याच्या दारात कुणाला तरी पुढं जाऊ देतात. आता बोला!"

सैफी आगा अजिजीनं तूबा खानमकडं पाहू लागले. पिस्टन देताना त्यांचा चेहरा का उजळला होता, ते आत्ता कळलं: मेहुण्याकडं जाणं टळलं होतं.

तूबा खानमना अवघडल्यासारखं झालं. तोंड पुन्हा आपलं आपण बोललं, "अहो, ही गाडी तुमचीच समजा."

"बरं," त्या बाई म्हणाल्या आणि हात पसरला. "किल्ली?"

बेहनाम भिंतीला टेकून हसायला लागला. तूबा खानमनी किल्ली मुठीत घट्ट धरली, मागचं दार उघडलं आणि स्वतः स्टिअरिंगमागं जाऊन बसल्या.

"गाडी तुमची. पण चालवणार मी, थेट मशहदपर्यंत. बसा. सैफी आगा, तुम्ही आधी."