ढगासमोर दोन तास

आभाळातल्या ढगाचा फोटो काढला की आठवड्याभरात तोही तेवढाच वेळ आपल्या अख्ख्या घराचा फोटो काढतो, आणि त्यात जो हलतो तो पुसट होतो. हिवऱ्यात हे पोराटोरांनाही ठाऊक. मागल्या साली चंपा गुरवीण नाकावरची माशी हाकलायला गेली. तेव्हापासून तिला आवाजावरूनच ओळखायचं.

तरी शिवलिंगनं काढलाच. घरच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून कृत्तिकांच्या चांदण्यांभोवतीचा निळा ढग टिपला, तीन-तीन मिनिटांचे चाळीस फोटो. त्या ढगाला स्वतःचा उजेड नाही. चांदण्यांचा अंगावर घेतो, तेवढाच दिसतो. चाळीसही एकमेकांवर ठेवले तेव्हा कुठं उमटला. पण काय देखणा, बाई!

"म्हणजे दोन तास," त्याची बायको गिरिजा म्हणाली. "अन् आत्यांचे हात?"

शिवलिंगच्या आईला, नीलव्वाला, कंपवात होता. कपातला चहा बशीत, बशीतला लुगड्यावर.

सोमवारी भर दुपारी ग्रामसेवक घड्याळ घेऊन आले. ढग दिवसाच काढतो. आपल्याला तरी कुठं स्वतःचा उजेड आहे? उन्हाचाच.

"भाऊसाहेब, म्हातारीला वगळा की," शिवलिंग त्यांना म्हणाला.

"रेशनकार्डावर नाव आहे ना? मग बसायचं."

"बसते की," नीलव्वा म्हणाली. "सुरकुत्या तरी जातील." पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

तिघं अंगणात बसली. गिरिजानं सासूचे दोन्ही हात आपल्या हातांत गच्च धरले. भाऊसाहेब आडोशाला गेले आणि म्हणाले, "सुरू."

पहिला तास कसाबसा गेला. मग थरथर वाढली. गिरिजानं दाबली, तशी ती तिच्याच बोटांत शिरली, मनगटात चढली, कोपराकडे निघाली. पुढं खांदा, मग तोंड, हे तिला कळत होतं. शेजारी शिवलिंग दगडासारखा. नुसतं डोळ्यांतून पाणी.

"सोड गं," नीलव्वा ओठ न हलवता पुटपुटली. "तुझं तोंड जाईल."

गिरिजानं सोडलं नाही.

"झालं," भाऊसाहेब म्हणाले.

म्हातारी सुरकुत्यांसकट लख्ख होती. गिरिजाचं तोंडही जागेवर होतं. फक्त दोघींच्या मधे, चार हातांच्या जागी, ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसा एकच धुरकट पट्टा उरला होता, अजून थरथरणारा.

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं, शाईची डबी पुढं सरकवली.

"अंगठा कुणाचा घेऊ?"

"सापडेल तो घ्या," नीलव्वा म्हणाली, आणि दोघी मिळून पुढं वाकल्या.