येर्कोचं जाळं सुटलं

रक्तदाब तपासायला बेटावरच्या दवाखान्यात गेलेला येर्को कोळी मानसोपचाराच्या खोलीत कसा पोचला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. राजधानी झाग्रेबहून आलेल्या मानसतज्ज्ञ निवेसबाईंना इंटरनेटच्या व्यसनाची प्रश्नावली तपासायला माणसं हवी होती. प्रश्नावली मूळ इंग्रजी, भाषांतर बाईंचं. बाई शुद्ध भाषेच्या कट्टर! 'इंटरनेट' परका शब्द, म्हणून त्यांनी सगळीकडे आपलं 'जाळं' घातलं होतं.

येर्कोचा चष्मा होडीत राहिलेला. बाईच प्रश्न वाचू लागल्या.

"जाळ्यापासून लांब असताना मन तिकडेच धावतं?"

"मग दुसरीकडे कुठं धावणार?"

"जाळ्यापायी झोपेचं खोबरं होतं?"

"रोजच. घरात कुणी उठायच्या आधी मी जाळ्यावर."

"बायको कुरकुरते?"

"दिंका? ती म्हणते, जाळ्याशीच लग्न लावायचं होतंस!"

बाईंनी कागदावर आणखी एक खूण केली. "कधीपासून हे?"

"पोरवयापासून. बापाचं तेच, आज्याचंही तेच."

"आज्याचंही? इथं जाळं इतक्या लवकर आलं?"

"अहो, जाळ्याशिवाय बेट चालेल कसं?"

गोंधळलेल्या बाईंनी 'आनुवंशिक' असं टिपून घेतलं. "काका, आजार टोकाला गेलाय. महिनाभर जाळ्याला हात लावायचा नाही. नाहीतर हा रक्तदाब तुम्हाला घेऊन जाईल."

येर्कोनं बोटांवर दिवस मोजले. सार्डिन मासळीचा ऐन हंगाम! पण जिवापुढे काय? त्यानं होडी आणि जाळी मेहुण्याच्या हवाली केली.

"जन्मभर बोंबलतेय मी," दिंका म्हणाली, "शिकलेल्या बाईनं सांगितल्यावर बरं ऐकलंस!"

घरात बसून येर्को पार कावला. तेवढ्यात मुलीचा जुना मोबाइल हाती लागला. आधी हवामान पाहिलं, मग परक्यांनी धरलेले मासे, मग मांजरांच्या गमती. पुढे जेवतानाही त्याची मान वर होईना. तिकडे मेहुणा धक्क्यावर पेट्यांवर पेट्या उतरवत होता आणि दिंका बघून जळत होती.

महिन्यानं तिनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. बाईंनी तेच प्रश्न काढले.

"जाळ्याची आठवण येते?"

"छे!" मोबाइलवरून नजर न काढता येर्को म्हणाला.

"हात लावलात?"

"शप्पथ, नाही."

गुणांची बेरीज आली शून्य. बाईंनी मोबाइलकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. शेवटी त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. "अभिनंदन काका, ठणठणीत बरे झालात!"

हसावं की रडावं, दिंकाला कळेना. "बाई, तुमचं शास्त्र तुम्हाला माहीत. पण याला तो आधीचाच आजार परत जडेल असं काही औषध असेल, तर आजच द्या हो. हंगाम संपत आलाय!"