प्रमाण घड्याळ

वकीलसाहेब वकिलीच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा आपटले. पण हे आपल्याला ठाऊकच नाही असं धरून चालू. त्यांनी स्वतःही तसंच धरलंय.

'वकीलसाहेब' हे घरच्यांनी पाडलेलं नाव. साहेब अजून कॉलेजची पायरीही चढले नव्हते, पण भाजी अळणी झालीय म्हटलं तरी विचारायचे, "पुरावा काय?" पहिल्या परीक्षेत याच खोडीनं घात केला. 'सर्व मासे उडतात' हे विधान वाचून साहेबांनी शेजारी लिहिलं, 'अमान्य!' आणि उरलेला वेळ कारणं देण्यात घालवला.

यंदा मामांनी दम भरला, "आता बुडालास, तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या गाद्यांच्या दुकानात. कापूस पिंजायला!"

कापसाच्या नुसत्या नावानं साहेबांना शिंका यायच्या. म्हणून ताईनं शिकवणी हाती घेतली.

"सगळे मासे उडतात. पिंट्या मासा आहे. तर?"

"पण ताई, मासा उडेल कसा?"

"उडतो! छापलंय ना? मग उडतो! दिलेलं खरं मानायचं. शंका बाहेर ठेवायच्या, चपलांबरोबर!"

साहेबांनी हे फारच मनावर घेतलं. आई "आत्ता आले" म्हणून शेजारी गेली, तर हे पाय भरून येईपर्यंत दार उघडून उभे! मामा फोनवर म्हणाले, "दुकानात पाय ठेवायला जागा नाही," तर हे गर्दी आवरायला धावले. पाहतात तो मामा एकटेच विक्रीच्या गादीवर घोरतायत!

"शाब्बास!" ताई म्हणाली. "झाली तयारी."

परीक्षेच्या दिवशी फळ्यावर ठळक छापील सूचना चिकटवलेली होती: 'सभागृहातील घड्याळ प्रमाण मानावे.' घड्याळात पावणेअकरा. दहा प्रश्न सोडवून पाहिलं, तरी पावणेअकराच! मनात शंका डोकावली. पण शंका तर चपलांपाशी होत्या. साहेब निवांत झाले. एकेक प्रश्न चवीनं वाचू लागले. आजूबाजूची पोरं पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी लिहीत होती, त्यांची त्यांना कीव आली.

"शेवटची पाच मिनिटं!" पर्यवेक्षक बाई ओरडल्या.

साहेब मंद हसले. तोंडी विधान. छापील नाही.

घंटा झाली आणि बाईंनी पेपर ओढला. निम्मा कोरा!

"अहो बाई, घड्याळ बघा ना!"

"बंद आहे रे ते. गेल्या वर्षापासून."

"मग प्रमाण मानावे असं का लिहिलंय?"

"तेही गेल्या वर्षीचंच!"

निकाल लागला. ताईनं कपाळाला हात लावला. मामांनी नाकाला बांधायला फडकं पाठवलं. साहेबांनी ते घडी करून बाजूला ठेवलं आणि परीक्षा मंडळाला अर्ज लिहायला बसले:

'महोदय, आपल्या सूचनेनुसार सभागृहातील घड्याळ प्रमाण आहे. त्यात अद्याप पावणेअकरा वाजले असल्याने परीक्षा सुरूच आहे व निकाल मुदतपूर्व ठरतो. तरी अर्जदारास त्याच बाकावर उरलेले प्रश्न सोडवू द्यावेत, आणि सदर घड्याळात परीक्षा संपेपर्यंत कापूस पिंजण्यास स्थगिती मिळावी, ही नम्र विनंती.'