शंभरावी साखळी

भुजंगरावाला लांबून रामराम घालून उपयोग नाही. तो आधी तुमच्या-त्याच्यातलं अंतर डोळ्यानं मापतो. बारा पावलांच्या आत असाल तर तोंडानं रामराम, बाराच्या बाहेर असाल तर नुसता हात. एकदा तलाठी तेराव्या पावलावर उभा राहून रामराम रामराम करून बेजार झाला. भुजंगराव म्हणाला, "साहेब, एक पाऊल म्होरं या, मग बोलू."

हा माझा शेजारी. आमच्या दोघांत एक भिंत आहे. ती त्याच्याकडं चार बोटं सरकलेली आहे, असं तो चाळीस वर्षांपासून सांगून राहिला. पाडू का म्हटलं तर म्हणतो, "राहू दे किसन. फकस्त ध्यानात ठेव."

त्याची नोकरी होती चाकूरला, जमीन मोजणीच्या ऑफिसात. साहेब नव्हे, साखळी ओढणारा शिपाई. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी असायची. एकानं मागचं टोक खुणेवर दाबून बसायचं, दुसऱ्यानं पुढचं टोक धरून चालायचं, ताणायचं, खुंटी ठोकायची, मग दोघांनी पुढं सरकायचं. सगळा खेळ त्या ताणाचा. साखळीला झोळ पडला की ती जमीन कमी गाठते, मग साखळ्या जास्त भरतात, अन् होतं त्यापेक्षा अंतर जास्त निघतं. नोकरीत असताना झोळासाठी लोकांनी त्याला कोंबडी दाखवली, बाटली दाखवली, एकानं तर म्हशीचं वगारू दारात आणून बांधलं. यानं ते वगारूच मापलं अन् परत पाठवलं. सख्ख्या भावाच्या बांधालासुद्धा झोळ दिला नाही. "डोळा लबाड बोलतो, कडी बोलत न्हाई," हे त्याचं वेदवाक्य. अन् कुणी घोळात घोळ घालून सांगायला लागला की म्हणायचा, "ढिलं बोलू नगं. ताणून बोल."

मोजणीला मशीन आल्यावर ऑफिसानं साखळ्या भंगारात काढल्या. त्यातली एक यानं घरी आणली अन् देवाशेजारी टांगली. दर शनिवारी तिला तेल. माझी बायको केवळा विचारायची, "भावजी, साखळीला तेल लावताव, डोस्क्याला कवा लावताव?"

"डोस्क्याला कड्या न्हाईत, वहिनी."

लग्न केलं नाही. म्हणजे होत होतं. निलंग्याकडं पोरगी बघायला आम्ही गेलो. पोहे झाले, पोरगी आत गेली, अन् हा बाहेर जाऊन पावलं टाकायला लागला. परत येऊन पोरीच्या बापाला म्हणाला, "पाव्हणं, तुमचा ओटा सरकारी रस्त्यात तीन फूट आलाय." पाव्हण्यानं आमच्या चपला दाखवल्या. एसटीत मी विचारलं, "आरं, पोरगी कशी होती?"

"पोरगी लई चांगली होती. ओटा चुकीचा होता."

आता शाळेचं सांगतो. आमच्या वाडीला झेडपीची दोन खोल्यांची शाळा आहे, पहिली ते चौथी. डांबरी रोडवर कुण्या व्यापाऱ्यानं काढलेली इंग्रजी शाळा होती, ती बंद पडली अन् विकायला निघाली. आमच्या वाडीनं अन् शेजारच्या मोठ्या गावानं मिळून, लोकवर्गणी करून ती घ्यावी, असं सरपंच बालाजीच्या मनात आलं. फरशी आहे, संडास आहे, काँप्युटरची खोली आहे, अन् खोलीत काँप्युटर नाही. पण घ्यायची म्हटल्यावर हद्द बदलणार. केंद्रप्रमुख म्हणजे आमच्या भागातल्या शाळांचे साहेब. त्यांनी सांगितलं, नवी शाळा जुन्या शाळेपासून किलोमीटरच्या आत बसली तर वाडी तिच्या हद्दीत जाईल अन् जुन्या शाळेला कुलूप. किलोमीटरच्या बाहेर गेली तर बारक्यांची शाळा जागेवर राहील.

झालं, वाडीत दोन पार्ट्या. डेअरीवर दुधाच्या दोन रांगा. मारुतीची आरती दोनदा व्हायला लागली, देव बी बेजार. बालाजीच्या मोबाईलवर अंतर नऊशे साठ मीटर, समोरच्या पार्टीच्या मोबाईलवर एक हजार चाळीस. मोबाईलसुद्धा पार्टी बघून बोलायला लागले.

माझं काय होतं ते सांगून टाकतो. शाळेचं फाटक माझ्या दारासमोर आहे. केवळानं तिथं अठरा वर्षं लेकरांची खिचडी शिजवली. मागच्या साली ती गेली. तेव्हापासून मला भूक म्हणून लागत नाही. पण दुपारी शाळेची घंटा होते, लेकरं ताटं वाजवतात, तेवढ्यात मी बी माझं ताट घेतो अन् दोन घास खाली उतरतात. घंटा नसली तर नाही उतरत. कुणाला सांगायची गोष्ट नाही ही. म्हणून ग्रामसभेत मी उठून म्हटलं, "बारकी लेकरं ट्रकाच्या रोडवर धाडायला माझा इरोध हाय."

बालाजी म्हणाला, "आबा, शाळेत तुमचं एक तरी लेकरू हाय का?"

सभा हसली. मी खाली बसलो.

केंद्रप्रमुखांनी विचारलं, मापायचं कुणी? दोन्ही पार्ट्या पहिल्यांदा एकाच तोंडानं बोलल्या, भुजंगराव. भुजंगराव उठला. "साखळी माझी. शंभर साखळ्या म्हंजे किलोमीटर अन् वर थोडं. नव्या शाळेच्या फाटकाच्या आधी शंभर भरल्या तर आपली शाळा ऱ्हाईल, न्हाई भरल्या तर जाईल. मागचं टोक किसन धरंल."

"किसनआबा पार्टीतले हाईत," बालाजी म्हणाला.

"तुझा मोबाईल बी पार्टीतलाच हाय. मागच्या टोकाला अक्कल लागत न्हाई, बूड लागतं."

निघालो. पुढं भुजंगराव, मागं मी, मध्ये ती साखळी, अन् भवताली आख्खी वाडी. बालाजी वहीत रेघा मारून राहिला अन् लोक मोठ्यानं मोजून राहिले. मी प्रत्येक खुणेला बसायचो, उठायचो. गुडघ्याची पार चाळणी झाली. पहिल्या वीस साखळ्या कशा, तारेवाणी. टोक हातातून निसटतंय का काय असा ताण.

एकविसावी माझ्या हातात मऊ आली.

मला वाटलं माझाच हात सुटला. टोक पुन्हा दाबलं. रस्त्याकडेच्या गवतात साखळीनं मधी पोट काढलं होतं. मी हळूच म्हटलं, "भुजंगा, ताण."

तो माझ्याकडं पाठ करून उभा. "हाय ताण. टोक दाब."

बाविसावी तशीच. तेविसावी तशीच. सगळ्यांचे डोळे बालाजीच्या वहीवर. साखळीकडं कोण बघंल? भुजंगरावाची साखळी ती.

शंभरावी खुंटी ठोकली तेव्हा नव्या शाळेचं फाटक अजून वीस-पंचवीस पावलं पुढं होतं. केंद्रप्रमुखांनी सही केली. बालाजीनं वही तीनदा तपासली. वही बरोबर होती. शेवटी ठरलं, पाचवीपासून पुढच्यांसाठी नवी शाळा घ्यायची, बारक्यांची वाडीतच ठेवायची. दोन्ही पार्ट्यांनी गुलाल उधळला. कुणाचा कशासाठी ते कुणालाच कळलं नाही.

दिवस मावळायला मी त्याच्या दारात गेलो. तो साखळीची माती पुसत बसला होता.

"झोळ होता, भुजंगा."

"हाव."

"किती?"

"साखळीमागं फूटभर."

"आख्ख्या जन्मात कुणाला दिला न्हाईस. आज कामून?"

त्यानं चार कड्या पुसल्या. पाचवी हातात धरून म्हणाला, "आपल्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, किसन. शाळा असली की दुपारी तुझं ताट वाजतं. रविवारी वाजत न्हाई. दिवाळीच्या सुट्टीत एकवीस दिवस वाजलं न्हाई."

मी तिथंच उंबऱ्यावर टेकलो.

"उद्या रविवार हाय," तो म्हणाला. "हिकडं ये भाकर खायला. मला बी एकट्यापुरतं पिठलं करता येत न्हाई. लई होतं, अन् मग संध्याकाळी तेच खावं लागतं."

दुसऱ्या दिवशी गेलो. दोन पाट मांडलेले होते. भाकरी एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं करपलेली. पिठलं असं खारट की डोळ्यांतून पाणी आलं.

"खारट झालं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

त्यानं माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं, अन् अजून एक पळी वाढली.