अर्ध्या मैलाचा चर

चांगदेव साळव्याला खणायला माणसं मिळाली आणि तिथून त्याचे ग्रह फिरले.

तोवर इनामगावात त्याला माणसं सोडून सगळं मिळालं होतं. पंचायतीच्या कचेरीत एक खोली मिळाली होती, शाळेत दुसरी मिळाली होती. दोन्हीकडे एकेक टेलिप्रिंटर बसवून झाला होता आणि केबलचा भलामोठा ड्रम शिरूरहून ट्रकनं येऊन लिंबाखाली उतरला होता. आता कचेरीपासून शाळेपर्यंत अर्धा मैल लांब, तीन फूट खोल चर खणायचा, त्यात केबल पुरायची आणि इकडच्या यंत्रावर बडवलेली अक्षरं तिकडं उमटतात का ते पाहायचं, एवढंच राहिलं होतं. पुढेमागे शिरूरचा कॉम्प्युटर दौंडच्या कॉम्प्युटरशी बोलणार म्हटलं, तर घोडनदीकाठच्या काळ्या मातीतून त्याचं बोलणं धड जाईल का, हा चांगदेवाच्या संशोधनाचा विषय होता. १९७८ साल होतं. शिरूरला कॉम्प्युटर नव्हता आणि दौंडलाही नव्हता. पण संशोधनात असल्या बारीकसारीक गोष्टींकडे बघत बसलं तर विषयच मिळत नाही.

या विषयात चांगदेवाची सहा वर्षं गेली होती. दोन मुदतवाढी खाऊन झाल्या होत्या, तिसरी मिळणार नव्हती. वीस मार्चला मुंबईहून समिती येणार होती. तिच्यासमोर अक्षरं उमटली की प्रबंध पुरा, आणि प्रबंध पुरा झाला की नागपूरच्या कॉलेजात नोकरी आणि राहायला दोन खोल्या. नोकरीपेक्षा त्याचा जीव त्या दोन खोल्यांत अडकला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण तो पुण्यात तिघांच्या खोलीत चौथा आणि त्याची बायको जाई दौंडला वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. चार वर्षांचा संसार सगळा पोस्टकार्डांवर झाला होता. परवाच त्यानं तिला लिहिलं होतं, 'जय भीम. वीस तारखेनंतर भांडीकुंडी बांधायला घे.'

आणि नेमकी गहू-हरभऱ्याची काढणी आली. गावात रिकामा माणूस औषधाला मिळेना. शेवटी कोणीतरी रखमाजीचं नाव सांगितलं. रखमाजी, त्याची बायको सरूबाई, कुशाबाई आणि आणखी चार जणं अशी ती टोळी होती.

"खणायचा अनुभव आहे का, मामा?" चांगदेवानं विचारलं.

"धा वर्सं झाली, सायेब. दुसरं काय केलंच न्हाई."

चांगदेवाला देव भेटल्यासारखं झालं. त्यानं हजेरीपटावर सातही नावं चढवली, चुना टाकून ओळ आखून दिली आणि केबलच्या जोडांचं सामान आणायला तो शिरूरला गेला.

संध्याकाळी परत येऊन बघतो, तर चर कुठेच नाही. चुन्याच्या ओळीवर खुंट्या ठोकून सुतळ्या ताणलेल्या, जमिनीचे सारखे चौकोन पाडलेले आणि पहिल्या चौकोनात सरूबाई हातात रंगाचा ब्रश घेऊन माती झाडतेय. देव्हारा पुसावा तशी.

"मामा, खणलं किती?"

"चार बोटं," रखमाजी अभिमानानं म्हणाला. "पर काम बघा. कड कशी सरळ आलीया!"

तेव्हा कुठे चांगदेवाच्या डोक्यात उजेड पडला. गावाबाहेरच्या पांढरीवर, त्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर, दर हिवाळ्यात पुण्याची मंडळी येऊन तीन हजार वर्षांपूर्वीची घरं उकरत होती. रखमाजीची टोळी खणायला शिकली ती त्यांच्या हाताखाली. वीतभर सुरी, ब्रश आणि सुपली. दहा वर्षांत त्यांनी जमिनीवर टिकाव म्हणून मारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चांगदेवानं स्वतः टिकाव आणून रखमाजीच्या हातात दिला. त्यानं तो मेलेल्या सापासारखा लांब धरला.

"आन् आत कुनाचं मडकं आसंल तर?"

"मला मडकं नकोय मामा, मला भोक पाहिजे!"

"भोक काय, कुत्रं बी पाडतंय," कुशाबाई तिकडून बोलली.

तरी साहेबाचा मान म्हणून रखमाजीनं एक घाव घातला. नशीब बघा, पहिल्याच घावाला लाल खापराचा तुकडा वर आला. टिकाव तिथंच पडला आणि सातही जणं गुडघ्यांवर बसली. त्या दिवशी एकवीस खापरं, दोन मणी आणि कसलंसं एक हाड निघालं. प्रत्येकाची वेगळी पिशवी, प्रत्येक पिशवीला नंबर. नंबरासाठी त्यांनी चांगदेवाच्या केबलच्या तारांना लावायची लेबलं घेतली. तो ओरडला, तेव्हा रखमाजीनं त्याला समजावलं, "बिननंबरी वस्तू म्हंजी नुसता कचरा, सायेब. तुमी शिकल्यालं हायसा."

पाचव्या दिवशी कुशाबाईनं आरोळी ठोकली, "थर बदालला!" आणि सगळे हात खाली ठेवून उभे राहिले.

"आता काय झालं?"

"काळी माती सपली, पिवळी लागली. आदी त्याचं चित्र काढाया लागतं. त्याबिगर म्होरं जाता येत न्हाई."

"कोण काढतं चित्र?"

"आमाला कुठं येतंय? तिकडं सायेबच काढायचं."

चांगदेवानं विनवण्या केल्या, आवाज चढवला, वीस तारीख सांगितली, शेवटी बायकोचीही गोष्ट सांगितली. सरूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ब्रश काही हलला नाही. अखेर तो स्वतःच चरात उतरला आणि केबलमधल्या खरखरीचे आलेख काढायला आणलेल्या कागदावर मातीचे थर काढू लागला. एक चित्र काढून झालं की टोळी हात-दोन हात पुढे सरकायची आणि कुशाबाई पुन्हा आरोळी द्यायची. दहाव्या दिवशी वाटेत एक रांजण आडवा आला. त्याला धक्का न लावता चर वळवायला अडीच दिवस गेले. त्या अडीच दिवसांत चांगदेवाचं वजन उतरलं आणि दाढी वाढली.

एकोणीस तारखेला हिशेब केला, तर अठरा दिवसांत छत्तीस फूट झाले होते. त्यानं कपाळावर हात मारला. मग त्या छत्तीस फुटांत केबल घालून, मध्ये दोन जोड देऊन त्यानं एकट्यानं माती ओढली आणि उरलेली केबल बांधाबांधानं शाळेपर्यंत जमिनीवरच पसरली. संध्याकाळी इकडून एक अक्षर बडवलं, तिकडं उमटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तो रडला आणि गाढ झोपला.

सकाळी समितीला एसटी स्टँडवरून आणायला तो गेला, ते टोळीला निरोप न देताच. रखमाजी रोजच्या वेळेला कामावर हजर झाला.

अकरा वाजता समितीचे तिघं कचेरीत बसले. चांगदेवानं 'नमस्कार' बडवलं. शाळेतून बन्सी शिपाई हात हलवत आला, "काय बी न्हाई, सायेब." पुन्हा बडवलं. पुन्हा काही नाही. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. चांगदेव धावतच चराकडे गेला.

त्यानं बुजवलेला चर पुन्हा उघडा होता. कड सुरीनं कापल्यासारखी. मधोमध मातीचा ओटा राखून त्यावर केबल ठेवलेली, ब्रशनं झाडून लख्ख केलेली. आणि दोन्ही जोड कापसात गुंडाळून वेगवेगळ्या पिशव्यांत घातलेले, नंबरासकट.

"मामा, हे काय केलंत! अहो, ती माझी केबल होती!"

"तुमचीच हाय, ठावं हाय की," रखमाजी शांतपणे म्हणाला. "पर मातीत घावली म्हंजी नंबर पडनारच. आन् राती कुन्या आडाण्यानं चर बुजवला हुता, त्यो बी नीट केला."

चांगदेव मटकन ओट्याशेजारी बसला. त्याच्या डोळ्यांसमोरून नागपूरच्या दोन्ही खोल्या एकामागून एक निघून गेल्या. तेवढ्यात मागून अध्यक्ष आले. त्यांनी चष्मा पुसला, चर पाहिला, मग काठावर पडलेली थरांच्या चित्रांची चळत उचलून एकेक चित्र उलटलं.

"हे थर तुम्ही काढलेत?"

"हो," चांगदेव मेल्या आवाजात म्हणाला.

"अप्रतिम! केबल काय, कोणीही टाकतं. ती ज्या मातीत पडायची, तिचा असा फूटफूट अभ्यास देशात कोणी केलेला नाही. साळवे, तुमची शिष्यवृत्ती पुढे चालू. काम इथंच थांबवायचं नाही. शिरूर ते दौंड, सबंध रस्ता, याच पद्धतीनं आणि हीच माणसं घेऊन. ते पुरं झालं की प्रबंध."

समिती चहा पिऊन निघून गेली. चांगदेवानं आलेखाच्या कागदामागे गणित मांडलं. बत्तीस मैल, दिवसाला दोन फूट. रविवारची सुट्टी न धरता दोनशे एकतीस वर्षं लागत होती. त्यानं तो कागद चारदा तपासला. दर वेळी उत्तर तेच.

दुपारच्या एसटीनं जाई आली. तीन बोचकी, एक पेटी, स्टोव्ह. क्वार्टरमधून सगळं आवरून ती सरळ इथंच उतरली होती.

"अहो, नागपूरची गाडी कधीची?" तिनं विचारलं.

चांगदेवानं तिला सगळं सांगितलं. रांजण सांगितला, पिशव्या सांगितल्या, दोनशे एकतीस वर्षांसाठी मात्र गणिताचा कागदच पुढे केला. जाईनं ऐकून घेतलं. एकदा चराकडे पाहिलं, एकदा त्याच्या दाढीकडे.

"चार वर्षं मी बापाच्या घरी बसले," ती म्हणाली. "आता परत जायची न्हाई. तिकडं शेजारणींना काय सांगू?"

"मग काय करणार?"

जाईनं पदर खोचला आणि चरात उतरली. सरूबाईनं सरकून तिला जागा दिली, हातात ब्रश दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. चांगदेव वर उभा राहून बघत राहिला. बाई शिकलेली, तरुण, हाताला चलाख. आठवं माणूस वाढलं, म्हणजे निदान तीस वर्षं तरी कमी होतील, अशी एक वेडी आशा त्याच्या मनात येऊन गेली.

दिवस मावळताना रखमाजी वर आला.

"सायेब, वहिनींचा हात लई चांगला हाय," तो भारावून म्हणाला. "असं बारीक काम आमच्यात बी कुनाला जमत न्हाई. दुपारधरनं बोटभर माती हालली आसंल बगा."

चांगदेवानं खिशातून हजेरीपट काढला आणि आठव्या ओळीत बायकोचं नाव लिहिलं.