सबनीस सर आणि माझी डावी भुवई

सबनीस सरांशी पाठीमागून बोलायची सोय नव्हती. माधव नगरात आमच्या शेजारचंच घर त्यांचं, पण फाटकातून कितीही हाका मारा, सर वळायचे नाहीत. आत जाऊन समोर उभं राहिलं की शांतपणे म्हणायचे, "नाफडे, पाठीमागून बोललेलं मानसशास्त्रात धरत नाहीत." पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना हाच नियम. दूधवाला म्हणायचा, "मास्साब जरूरत से ज्यादा पढ़ गए हैं."

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत आणि घरी सतार वाजवत. यातलं पोटापाण्याचं कुठलं आणि जिवाचं कुठलं, असं विचारलं की चिडायचे. "दोन्ही एकच आहे हो!" जगाला मात्र तसं वाटलं नाही. विद्यापीठातले लोक त्यांना सतारवाले म्हणत, सतारवाले त्यांना प्रोफेसर म्हणत, आणि दोघंही नाक मुरडूनच म्हणत. त्यात दिवस बदलले. घराघरात केबल आली, देवास गेटपाशी कॉम्प्युटरचे क्लास निघाले. सरांच्या वर्गातले बाक रिकामे पडू लागले आणि सतारीचे होते नव्हते ते शिष्य कीबोर्ड शिकायला गेले. सर म्हणायचे, "या मुलांना मनही नको आणि कानही नको. बटण हवं."

माझा आणि संगीताचा संबंध विचाराल तर घरच्या आरतीतसुद्धा मला फक्त टाळ्या वाजवायची परवानगी आहे. पण एका रविवारी मी सरांकडे पेपर मागायला गेलो. सर सतार जुळवत होते. दांडीला कानशील टेकवून एक तार छेडली, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "हलू नका! तुमची डावी भुवई!"

तार केसभर जरी उतरलेली असली तरी माझी डावी भुवई वर जाते, असा त्यांचा शोध होता. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, ती जातच होती. "श्रुतिज्ञान तुमच्या भुवईला आहे, तुम्हाला नाही," सर म्हणाले. मी त्यांचं प्रयोगपात्र झालो. दर रविवारी सतरंजीवर त्यांच्यासमोर बसायचं. ते खुंटी पिळणार, तार छेडणार आणि माझ्याकडे टक लावून बघणार. भुवई खाली आली की म्हणणार, "लागली!" मगच वाजवायला सुरुवात.

"तुम्ही तिथे जाऊन करता तरी काय?" बायकोनं विचारलं.

"बसतो."

"ते तर घरीही करता."

माझ्या भुवईवर सरांनी भलामोठा प्रबंध लिहिला, श्रोत्याचा चेहरा आणि स्वर असा काहीतरी विषय. एकाच माणसाच्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढता येत नाहीत, असं म्हणून परीक्षकांनी तो परत पाठवला. तो एक माणूस म्हणजे मी. मला उगाचच अपराध्यासारखं वाटलं. सर म्हणाले, "जाऊ द्या. त्यांनी तुमचा चेहरा पाहिलेला नाही."

मग फ्रीगंजच्या एका गणेशोत्सवात सरांना बोलावणं आलं. मुख्य कार्यक्रम ऑर्केस्ट्राचा, त्याआधी अर्धा तास सतार. कित्येक वर्षांत त्यांना कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. "हे जमलं तर आणखी चार लोक बोलावतील," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आणि नाही जमलं, तर माझ्याकडे राहिलं काय, नाफडे?" मला पहिल्या रांगेत मधोमध बसायचा हुकूम झाला.

स्टेजमागे माझ्या भुवईवर सतार छान लागली. सर बाहेर येऊन बसले आणि त्यांच्या तोंडावर हॅलोजन पेटले. केबलवाल्यांचं शूटिंग होतं. सरांनी डोळ्यांवर हात धरून अंधारात बघितलं. मी हात हलवला. त्यांना काही दिसेना.

"दिवे बंद करा! माझं प्रयोगपात्र दिसत नाहीये!"

लोक हसले. मंडळाचा कार्यकर्ता माइकवर म्हणाला, "सर, लाइट बंद नाही होणार, वीडियो चालू आहे. तुम्ही सुरू करून द्या ना."

सरांनी सुरू केलं. त्या दिव्यांच्या उष्णतेनं तारा बघता बघता उतरल्या. माझी भुवई कपाळात गेली. तबलजी खुणा करू लागला. सर डोळे मिटून, मान डोलावत, आनंदात वाजवत होते. तसं बेसूर मी जन्मात ऐकलं नाही. मागून शिट्ट्या आल्या, कुणी तरी "ऑर्केस्ट्रा! ऑर्केस्ट्रा!" ओरडलं. कार्यकर्ता सरांच्या पाठीशी येऊन म्हणाला, "सर, बस करा." सर वळले नाहीत. मला वाटलं, इथेही यांचं मानसशास्त्र!

माझ्या शेजारी बसलेल्या सबनीस वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत नाही हो, भाऊजी. ओठ बघून बोलतात. कधीचंच गेलंय ते. कुणाला सांगू नको म्हणाले होते."

मी स्टेजवर चढलो आणि लोकांकडे पाठ करून त्यांच्यासमोर बसलो. सरांनी डोळे उघडले. माझी भुवई पाहिली. हात थांबला. त्यांनी खुंटीकडे हात नेला, मग तोच हात जोडून लोकांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या, त्या ऑर्केस्ट्रासाठी होत्या. सरांना मात्र त्या दिसल्या, आणि ते पुन्हा एकदा वाकले.

पुढच्या रविवारी जावं की नाही, मला कळेना. शेवटी आरशासमोर उभा राहून भुवई दाबून धरायचा सराव केला आणि गेलो. काही झालं तरी ती हलू द्यायची नाही असं ठरवलं होतं. सरांनी तार छेडली. ती पार उतरलेली होती. मी चेहरा दगडासारखा ठेवला. सर बराच वेळ बघत राहिले.

"नाफडे, आज भुवई धरून बसलात." सर म्हणाले. "सोडा तिला. खरं सांगणारी तेवढीच उरलीय मला."

मी सोडली. सर खुंटी पिळत राहिले, माझ्याकडे बघत राहिले, पण त्या दिवशी तार काही लागेना. तार लागत नव्हती की माझा चेहराच ठिकाणावर नव्हता, कोण जाणे. रडू आलं की भुवयांचं काय होतं, हे त्यांच्या प्रबंधात नव्हतं.

शेवटी त्यांनी सतार खाली ठेवली. "दमलात तुम्ही. घरी जा," ते मायेनं म्हणाले आणि गवसणी घ्यायला पाठमोरे झाले.

समोरून ज्या तोंडानं मला खोटं बोलता येत नव्हतं, त्याच तोंडानं मी दारात चपला घालता घालता त्यांच्या पाठीला म्हणालो, "सर, परवा तुम्ही फार सुंदर वाजवलंत."

सर वळले नाहीत. ते सतारीला गवसणी चढवत होते.