थरथर कुणाची?

मालनचे हात थरथरतात असं एकदा ठरलं, की चंद्रप्रकाशचा फायदा चोख होता: गाडीची किल्ली परत त्याच्या खिशात, आणि रविवारी पार्ल्याला मेहुण्याच्या दारात रुबाबात गाडी लावायचा मान त्याचा. मालनने त्रेपन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं होतं ते त्याच दारासाठी. "ताई, तुला साधी सायकल आली नाही कधी!" असं भाऊ, नंदकुमार, खो खो हसला होता ना!

पण बोरीवलीत गाडी उजवीकडे वळली, की स्टिअरिंग तिच्या हातात थडथडायला लागे.

"गाडी नाही गं, हात थरथरतात तुझे," शेजारी बसलेला चंद्रप्रकाश म्हणाला. "वय झालं."

"तुमच्यापेक्षा लहान आहे मी. थरथरायचं तर आधी तुमचा नंबर!"

"सरक, मी दाखवतो."

त्याने सोसायटीभोवती चक्कर मारली. उजवं वळण लोण्यासारखं गेलं. "बघितलंस?" डाव्या वळणावर मात्र स्टिअरिंग त्याच्याही हातात थडथडलं. "रस्त्याची पार वाट लावलीय," तो घाईघाईने म्हणाला.

"वा! मी चालवली की हात, तुम्ही चालवली की रस्ता? उतरा खाली."

"अगं, पण..."

"उतरा म्हणते ना!"

मालन एकटीच चक्कर मारून आली. दोन्ही वळणांवर गाडी गुमान. त्याला पुन्हा शेजारी बसवलं, आणि उजवीकडे वळताच थडथड हजर. तिने ब्रेक दाबला. ती चालवते तेव्हा हे डावीकडे बसतात आणि गाडी उजव्या वळणावर कुरकुरते. हे उजवीकडे बसले, की डाव्या वळणावर. म्हणजे दुखणं यांच्याबरोबर जागा बदलतंय!

ती उतरून वाकली. वळताना गाडी यांच्या बाजूला दबत होती; टायर वर घासून घासून मडगार्डच्या आत चकचकीत पट्टा पडला होता.

"दिवाळीत हे रुंद टायर कुणी बसवले?"

"गाडीला जरा रुबाब यावा म्हणून..."

"आणि वर शंभर किलोचा रुबाब कोण ठेवतं? आता टायर बदलेपर्यंत माझ्या गाडीत बसायचं नाही!"

रविवारी पार्ल्यात नंदकुमार दारातच उभा होता. मालनने वळण घेतलं, गाडी एका झटक्यात भिंतीलगत लावली आणि किल्ली बोटात फिरवत ती उतरली. भावाचं तोंड उघडं ते उघडंच. तेवढ्यात मागून रिक्षा आली.

"भाऊजी, तुम्ही रिक्षाने? गाडी ताईने आणली?"

चंद्रप्रकाशने एकदा टायरांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे.

"काय सांगू," तो म्हणाला, "हल्ली हात थरथरतात रे माझे."

रिक्षाचं भाडं त्याने दिलं, नव्या टायरांचे पैसेही त्यालाच भरायचे होते. आणि थरथरसुद्धा शेवटी त्याच्याच नावावर चढली.